वैनगंगेकाठचा वाघ : चार कथा आणि एक चित्रपट

वाघ म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कोणास समजावून सांगावे लागत नाही. बालाघाटच्या निम्म्याहून अधिक भूमीवर जंगल आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा एक भाग आपल्याच बैहर तहसिलीत येतो. मोहफुलांच्या दिवसांत आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात गेलेले माणूस परत येईपर्यंत घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. असे असूनही ह्या मुलुखावर लिहिल्या गेलेल्या कथा आणि येथे चित्रित झालेला चित्रपट शेजारी शेजारी ठेवून त्यांचा विचार आपण सहसा करीत नाही. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न आम्ही करीत आहोत. वडीलधाऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी एकत्र बसून वाचावा ह्या हेतूने तो पाठाच्या रूपाने मांडला आहे.

कथा कोणत्या आणि चित्रपट कोणता

कथा रुडयार्ड किपलिंग ह्या इंग्रज लेखकाच्या आहेत. त्याचा जन्म १८६५ साली मुंबईस झाला आणि १९०७ साली त्यास साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोगलीचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे, ते बहुधा दूरदर्शनवरील मालिकेमुळे. मूळ कथा फार थोड्यांनी वाचलेल्या असतात. त्यांपैकी चार आम्ही निवडल्या आहेत. लांडग्यांच्या कळपात मोगली कसा आला ही पहिली, शेरखान वाघाचा शेवट कसा झाला ही दुसरी. ह्या दोन्ही १८९४ सालच्या 'जंगल बुक'मध्ये आहेत. गावावर जंगल चालून येते ती तिसरी कथा १८९५ सालच्या दुसऱ्या भागातील होय. मोठा झालेला मोगली वनखात्याच्या चाकरीत शिरतो, ती चौथी कथा ह्या सर्वांच्या आधी, १८९३ साली प्रसिद्ध झाली.

ह्या कथांचे रान सिवनीचे आहे आणि नदी आपली वैनगंगा आहे. किपलिंगने सिवनीचे डोंगर स्वतः पाहिले नव्हते, दुसऱ्यांच्या लिखाणावरून त्याने ते रंगविले, असे अभ्यासक मानतात. मोगलीच्या बहुतेक कथा तर त्याने अमेरिकेत राहून लिहिल्या. तथापि कथेत येणारे कान्हीवाडा हे गाव आजही सिवनी जिल्ह्यात आहे. आणि शेरखान मूळचा कोठला? लांडग्यांच्या गुहेपासून वीस मैलांवर, वैनगंगेच्या काठी राहणारा, असे कथेतच सांगितले आहे.

चित्रपट 'शेरनी' हा हिंदी आहे. अमित मसुरकर ह्यांनी तो दिग्दर्शित केला, १८ जून २०२१ रोजी तो अ‍ॅमेझॉन प्राइमवर प्रदर्शित झाला, आणि त्याचे बरेचसे चित्रीकरण आपल्या बालाघाट जिल्ह्यातील जंगलांत झाले. विद्या व्हिन्सेंट नावाची वनाधिकारी, टी-१२ ही वाघीण आणि तिला जिवंत पकडावे की ठार करावे हा झगडा, एवढा त्याचा विषय. भूमिका विद्या बालन ह्यांनी केली आहे.

कथा आणि चित्रपट ह्यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. एकाचा लेखक इंग्रजी साम्राज्याचा अभिमानी, तर दुसरा चित्रपट स्वतंत्र भारतातील सरकारी कारभाराकडे डोळसपणे पाहणारा. तरीही दोहोंत काही सूत्रे समान आहेत. ती आता क्रमाने पाहू.

पहिले सूत्र : वाघ आपली जागा का सोडतो?

शेरखान सिवनीच्या डोंगरात येतो, तेव्हा लांडगीण त्याचे कारण नेमके सांगते. तो जन्मतः लंगडा असल्यामुळे गुरेच मारीत आला. त्यापायी वैनगंगेकाठची गावे त्याच्यावर खवळली. आता तो येथे येऊन आपल्या भागातील माणसांनाही खवळविणार. तो दूर निघून जाईल, आणि गवताला आग लावली जाईल तेव्हा पळावे लागेल ते आम्हांला व आमच्या पिलांना, अशी तिची तक्रार आहे.

जंगलाच्या कायद्यातही माणसाला मारण्याची मनाई आहे. प्राणी एकमेकांना सांगतात, की माणूस दुबळा आहे म्हणून त्याला मारणे कमीपणाचे. परंतु लेखक खरे कारण लगेच पुढे ठेवतो : माणूस मेला की हत्तीवर बसून बंदुकवाले येतात, शेकडो हाकारे येतात, मशाली येतात, आणि मग अपराधी कोण हे न पाहता सारे जंगल भोगते.

'शेरनी'तील वाघीण जन्मतः लंगडी नाही, पण तिची वाट लंगडी केलेली आहे. तिला राष्ट्रीय उद्यानाकडे जायचे आहे आणि मध्ये तांब्याच्या खाणीचा अफाट खड्डा आडवा आलेला आहे. आपल्या जिल्ह्यातील प्रेक्षकाला तो पाहताना मलाजखंड आठवल्यावाचून राहत नाही. दुसरीकडे गावकऱ्यांच्या चराईच्या जागेवर वनखात्याने झाडांची लागवड केली आहे, म्हणून गुरे आणि गुराखी रानात अधिक आत जातात. वाघीण बाहेर ढकलली गेली आणि माणूस आत ढकलला गेला. दोघांची गाठ पडली तर नवल ते काय?

म्हणजे वाघ दुष्ट आहे म्हणून संकट आले, असे कथेतही पूर्णपणे नाही आणि चित्रपटात तर मुळीच नाही. जागा कमी पडली, हे दोहोंकडचे मूळ कारण आहे.

दुसरे सूत्र : शिकाऱ्याची बढाई

दुसऱ्या कथेत बलदेव नावाचा गावचा शिकारी आहे. संध्याकाळी झाडाखाली बसून तो रानाच्या अद्भुत गोष्टी सांगतो. शेरखान हा वाघ नसून एका लंगड्या सावकाराचे भूत आहे, असेही तो ठासून सांगतो. रानात वाढलेला मोगली हे ऐकून हसतो. पुढे मोगली म्हशींचा कळप दोन बाजूंनी घळीत घुसवून शेरखानाला तुडवून मारतो. त्याबरोबर बलदेव धावत येतो, तो कातडे मागायला. कान्हीवाड्यास सरकार वाघाच्या कातड्यामागे शंभर रुपये बक्षीस देत असे. त्यातला एक रुपया मोगलीला देण्याचे औदार्य तो दाखवितो!

'शेरनी'त हाच बलदेव पिंटू ह्या नावाने पुन्हा भेटतो. जीपगाडीतून येणारा, किती वाघ मारले ह्याचे आकडे सांगणारा, वाघाच्या डोळ्यांत पाहून त्याचे मन ओळखतो म्हणणारा हा शिकारी शरत सक्सेना ह्यांनी उभा केला आहे. मध्यंतरी कायदा बदलला. पूर्वी वाघ मारण्यास बक्षीस होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि कान्हा त्याच्या पहिल्या नऊ ठिकाणांत होते. माणसाच्या जिवास धोका झालेला प्राणीही पकडणे वा बेशुद्ध करणे अशक्य ठरल्यावरच, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकुमाने मारता येतो. कायदा बदलला, पण बढाईखोराला टाळ्या देणारी माणसे बदलली नाहीत. शंभर रुपयांच्या जागी आता निवडणुकीतील मते आली. चित्रपटातील दोन्ही पुढारी वाघिणीच्या नावावर गावकऱ्यांना आपल्याकडे ओढतात. तिच्यापासून गाव कसे वाचेल ह्याचा विचार मात्र दोघांपैकी एकही करीत नाही.

हे केवळ पडद्यावरचे नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या भागात टी-१ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी अशाच वादाच्या धुरळ्यात गोळी लागून मेली. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर सांगितले गेले होते आणि तिला दोन बछडे होते. चित्रपट पाहताना अनेकांना तीच घटना आठवली.

तिसरे सूत्र : जाणता माणूस बाहेर

वाघ मारून गाव निर्भय करणाऱ्या मोगलीला गाव काय देते? दगड. बलदेव त्याला चेटक्या ठरवितो आणि सारे गाव त्याच्यावर धावून जाते. तिसऱ्या कथेत तर त्याला आसरा देणाऱ्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला चेटूक केल्याच्या आरोपाखाली बांधून ठेवतात. त्यांची जमीन आणि म्हशी वाटून घेण्याचा बेत त्यामागे असतोच. भीती आणि लोभ किती सहज हातात हात घालून चालतात, हे दाखविणारा ह्याहून बोलका प्रसंग सापडणे कठीण.

विद्याला कोणी दगड मारीत नाही. तिची बदली होते. शेवटी ती एका संग्रहालयात, पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या मध्ये उभी दिसते. जिवंत वाघिणीला वाचवू पाहणाऱ्या बाईस निर्जीव प्राण्यांची राखण करावयास पाठविणे, ही सरकारी पद्धतीची दगडफेकच होय. येथे चौथी कथा आठवावी. तीत वनखात्याचा सर्वोच्च अधिकारी मोगलीचे ज्ञान ओळखतो आणि त्यास वनरक्षकाची नोकरी व पुढे निवृत्तिवेतन देऊ करतो. किपलिंगचा विश्वास असा, की सरकार चांगले आहे आणि गाव मूर्ख आहे. चित्रपट हे उलटे करून दाखवितो : खात्यात भले लोक आहेत, पण खाते त्यांना टिकू देत नाही, आणि गाव मूर्ख नाही.

चौथे सूत्र : भरविणारे हात

आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते हे सूत्र. मेसुआचा स्वतःचा मुलगा वाघाने नेलेला असतो. तीच मेसुआ रानातून आलेल्या उघड्या पोराला दूध आणि भाकरी देते, त्याच्यात आपल्या नथूचा चेहरा शोधते. जिचे वाघाने सर्वांत अधिक नुकसान केले, तिच्याच मनात सर्वांत कमी द्वेष आहे.

'शेरनी'त ज्योती नावाची गावातील तरुणी आहे. वाघिणीच्या भीतीत ती रोज जगते आणि गावाच्या अडचणी अधिकाऱ्यांना तोंडावर सांगते. वाघीण मारली गेल्यावर तिचे दोन बछडे कोणी जगविले? बंदुकवाल्यांनी नव्हे, पुढाऱ्यांनी नव्हे. गावातल्या माणसांनी त्यांना लपवून भरविले.

हे आपल्या मातीला धरून आहे. बैहर भागातील गोंड आणि बैगा ह्यांच्यात बाघदेव पुजला जातो. ज्याची भीती वाटते त्याला हात जोडायचे आणि आपली व त्याची सीमा ठरवून घ्यायची, ही रीत शत्रुत्वाची नाही. किपलिंगच्या तिसऱ्या कथेतही संकटात सापडलेले गाव शेवटी एका गोंड मुखियाकडेच सल्ला मागते, आणि देवळाच्या दारावर कारल्याचा वेल गुंफून तो न बोलता सुचवितो, की आता हे गाव जंगलाचे झाले.

भेद आणि बोध

साम्य पाहिले, तसा भेदही पाहिला पाहिजे. किपलिंगचा वाघ नर आहे आणि तो खलनायक आहे. चित्रपटातील वाघीण आई आहे, आणि ती फार थोड्या वेळा दिसते. किपलिंगचे प्राणी बोलतात, म्हणून आपण त्यांची बाजू ऐकतो. चित्रपटातील वाघीण बोलत नाही, म्हणून तिच्या वतीने कोण बोलतो हे पाहावे लागते. बोलणारे सर्वजण आपापला स्वार्थ बोलतात, हा चित्रपटाचा खरा डंख आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शहरात पक्क्या घरात बसून वाघाविषयी कळवळा दाखविणे सोपे आहे. ज्याची दुभती गाय गेली, ज्याच्या घरचे माणूस मोह वेचताना गेले, त्याचा राग हा अडाणीपणा नव्हे. त्याला कथा वाचून दाखवून भागत नाही. त्याला वेळेवर भरपाई हवी, चराईला जागा हवी, वाघ जवळ असल्याची खबर आधी हवी. चौथ्या कथेतील मोगलीला चाकरीत घेतात, तेव्हा त्याच्या कामांत हेही एक असते : वाघाची खबर आणणे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीतले हे काम आजही तितकेच निकडीचे आहे. कान्हा आणि पेंच ह्यांना जोडणारा वाघांचा मार्ग आपल्या आणि सिवनीच्या शेताशिवारांजवळून जातो, आणि त्या वाटेवर राहणारी माणसे आपलीच आहेत.

चारही कथा आणि चित्रपट मिळून आम्हांस एकच गोष्ट शिकवितात. गावाला वाघापासून जेवढे भय आहे, तेवढेच भय त्या भीतीवर आपली पोळी भाजून घेणाऱ्यांपासून आहे. भ्यालेल्या माणसाला धीर देणे हे समाजाचे काम आहे. परस्परांच्या साहाय्यासाठी उभ्या राहिलेल्या धर्मादाय संस्थेस हे नव्याने सांगावयास नको.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. जंगलाच्या कायद्याचे प्राणी सांगतात ते कारण आणि लेखक सांगतो ते कारण ह्यांत फरक कोणता? आपल्या व्यवहारात असे दुहेरी कारण कोठे आढळते?

२. बलदेव आणि पिंटू ह्या दोघांत तुम्हांस अधिक धोक्याचा कोण वाटतो, आणि का?

३. मेसुआच्या जागी आपण असतो, तर रानातून आलेल्या मुलाला घरात घेतले असते काय?

४. घरातील आजी-आजोबांना वाघाविषयीची त्यांच्या लहानपणीची एखादी हकीकत विचारा व लिहून ठेवा. तिच्यात भीती किती, बढाई किती आणि माया किती, हे एकमेकांत ठरवा.