परत आलेल्या नमुन्याविषयी

चि. मुक्ता हिस,


पदकासाठी पाठवलेला तुझा नमुना परत आला आणि तेव्हापासून तू मातीला हात लावलेला नाहीस, असं ताईनं कळवलं. म्हणून आज लॉरा गार्डिन फ्रेझर या अमेरिकन शिल्पकर्तीविषयी लिहितो.

जन्म १८८९चा. शिक्षण न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये. अलाबामा राज्याच्या शताब्दीचं अर्ध्या डॉलरचं नाणं तिनं १९२१ मध्ये साकारलं. अमेरिकेच्या नाण्याचं शिल्प करणारी ती पहिली स्त्री. पुढे जॉर्ज वॉशिंग्टनच्या द्विजन्मशताब्दीनिमित्त पाव डॉलरच्या नव्या नाण्यासाठी स्पर्धा झाली. ललितकला आयोगानं तिचा नमुना निवडला, फेरविचारातही तोच उचलून धरला. तरी अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी जॉन फ्लॅनगन यांच्या नमुन्याला पसंती दिली आणि १९३२ मध्ये तेच नाणं चलनात आलं.

लॉरा काम करत राहिली. १९३६ मध्ये ली आणि जॅक्सन या अमेरिकी यादवी युद्धातल्या सेनापतींच्या बाल्टिमोरमधल्या अश्वारूढ शिल्पाची स्पर्धा तिनं जिंकली. ते १९४८ मध्ये उभं राहिलं. १९६६ मध्ये ती वारली. वॉशिंग्टनचा तो नाकारलेला चेहरा १९९९ मध्ये पाच डॉलरच्या सोन्याच्या स्मारक नाण्यावर आला, आणि २०२२ ते २०२५ या काळात पाव डॉलरवरही. उलट, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या पक्षाच्या सेनापतींचा गौरव नको, म्हणून बाल्टिमोरनं ते अश्वारूढ शिल्प २०१७ मध्ये हलवलं.

मुक्ता, नकार कायमचा नसतो, तसा मानही नसतो. विषयाची निवड मात्र तुझी असते, म्हणून कुणाचा गौरव करायचा हे नीट विचार करून ठरव. आणि कारागिरी तुझी असते. पाव डॉलरचा व्यास जेमतेम २४ मिलिमीटर. एवढ्याशा जागेत, केसभर उठावात, गालाचं हाड आणि पापणी बोलली पाहिजे. तुझा नमुना खिडकीशी आडव्या उजेडात धर. कपाळ आणि नाक यांच्यामधली सावली तुटत असेल, तर दोष तिथे आहे. तो समितीच्या शेऱ्यात शोधू नकोस. प्लास्टरची प्रत तारीख घालून जपून ठेव, आणि दुसरा नमुना लगेच सुरू कर.

निकालाची काळजी सोड आणि उद्या सकाळी माती भिजव.

तुझा,
मामा