टाकी सगळ्यांची आहे

पेठ नाशिकपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पावसाळ्यात इथे कपडे वाळत नाहीत आणि एप्रिल-मे उजाडला की तालुक्यातले कितीतरी पाडे टँकरची वाट पाहत बसतात. गावात भाड्याने राहणारे बहुतेक आमच्यासारखे नोकरदार आहेत : शिक्षक, नर्स, बँकेतले, वनखात्यातले. आमच्या इमारतीला गच्चीवर एकच टाकी. तळमजल्यावरच्या शेजाऱ्याने नळाच्या लाइनलाच मोटर लावली आणि वरच्या मजल्यांवर पाणी चढेना. ते प्रकरण मिटवताना जे शिकलो, ते सांगतो.

१. ‘आपली काय, बदली होईलच’ हे वाक्य सोडा. आमच्या इमारतीत जो तो हेच म्हणत गप्प बसला होता. बदली आपली होते, मोटर तिथेच राहते आणि त्रास पुढच्या भाडेकरूच्या वाट्याला जातो.

२. आधी दार वाजवा, आणि एकट्यानेच जा. नळ आलेले असताना, सगळे बादल्या घेऊन उभे असताना बोलायला गेलं की भांडणच होतं. मी संध्याकाळी गेलो. म्हटलं, ‘‘भाऊ, तुमची मोटर सुरू झाली की वर थेंब येत नाही. सिस्टरताई रात्रपाळी करून येतात, त्यांना अंघोळीलाही पाणी उरत नाही.’’ ते म्हणाले, ‘‘सर, घरात तान्हं बाळ आहे. पाणी संपलं तर मी काय करू?’’ दाराशी दोरीवर लंगोट वाळत होते, त्यांच्याखाली दोन निळे ड्रम काठोकाठ भरलेले. त्यांची अडचण खरी होती. मोटर मात्र तरीही चूकच होती. या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच पुढे बोलावं लागतं.

३. वही ठेवा. नळ कधी आले, मोटर कधी चालली, टाकी किती भरली, हे तारीख-वेळ घालून लिहा आणि सगळ्या भाडेकरूंच्या सह्या घ्या. जोडलेल्या पाइपचा फोटो काढा. आमचे घरमालक नाशिकला राहतात. फोनवरच्या तक्रारी त्यांनी ऐकून सोडल्या होत्या, वही पाहिल्यावर मात्र रविवारी स्वतः आले.

४. चुकीला चुकीने उत्तर देऊ नका. ‘त्याचंच पाणी तोडा’ असं भाडेकरूंच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं. मी ठाम विरोध केला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे कलम २९ नुसार घरमालकाला पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडता येत नाहीत. शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूकडून घर परत मागायची वाट त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे, पण ती कोर्टातून जाते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बाळाच्या घरचं पाणी तोडायचं नसतं.

५. जात, गाव, भाषा मध्ये आणू देऊ नका. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पेठ आदिवासी तालुका. कोकणा, वारली, महादेव कोळी यांचा. बाहेरून आलेला एखादा नोकरदार ‘हे लोक असेच’ म्हणू लागला की पाण्याचा प्रश्न तिथेच संपतो आणि दुसरंच विष सुरू होतं. आमच्याकडेही ते सुरू होत होतं. तिथल्या तिथे थांबवलं. तक्रार मोटरची होती, माणसाच्या जातीची नव्हती.

६. शेजाऱ्याचा त्रास पाण्याचा नसून रात्रीच्या गाण्यांचा असेल, तर नियम स्पष्ट आहे : रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सांगूनही ऐकत नसतील तर ११२ ला फोन करायला संकोच करू नका.

७. तोडगा लिहून जिन्यात लावा. आमचा असा ठरला : लाइनवरची मोटर काढायची, टाकीचा वॉल ठरल्या वेळी उघडायचा, आणि बाळाच्या घराला पहिली पाळी. मोटर त्याच आठवड्यात निघाली. शेजाऱ्यांशी बोलणं-चालणंही टिकलं, कारण त्यांच्या अडचणीला त्या कागदावर जागा मिळाली होती.

तुम्ही पेठमध्ये किंवा अशाच पाणीटंचाईच्या गावात घर भाड्याने घेणार असाल, तर डिपॉझिट देण्याआधी गच्चीवर चढून टाकी पाहा, वॉलची किल्ली कोणाकडे असते ते विचारा आणि पाण्याची पाळी ११ महिन्यांच्या करारातच लिहून घ्या.