खेळातील कला : इयत्ता पाचवीसाठी एक पाठ



विद्यार्थ्याच्या हाती मोबाइलवरील खेळ दिसताच आपण तो काढून घेतो. यात आपले सर्वस्वी चुकते असे नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ साली संसदेने कायद्याने बंदी घातली. परंतु सर्वच व्हिडिओ गेम एका मापाने मोजणे योग्य नव्हे. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली ‘पॅक-मॅन’ व ‘टेट्रिस’ यांसह चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी ही त्याची नायिका. त्यातील दृश्यांवर राजस्थानी वास्तुशैलीची छाप असून कथाभाग छायाबाहुल्यांच्या द्वारे उलगडतो.

चित्र आपण पाहतो, कथा ऐकतो. खेळात मात्र कर्ता खेळाडूच असतो. म्हणून खेळाचा अर्थ मुख्यत्वे त्याच्या नियमांत वसतो. हे आपणांस नवीन नाही. परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते त्या मोक्षपटात सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, तर दुर्गुणाच्या घरातील साप खाली ओढतो. तेथे उपदेशाचे काम नियमच करतो.

उद्दिष्ट : नियमातून अर्थ कसा प्रकट होतो, याचा अनुभव देणे.

साहित्य : चिंचोके व खडू. मोबाइलची आवश्यकता नाही.

कृती : चार मुलांचा गट करावा. जमिनीवर विहीर आखून तीत वीस चिंचोके ठेवावेत. हे गावाचे पाणी. प्रत्येकाने आपल्या पाळीस एक ते तीन चिंचोके घ्यावेत. फेरी संपल्यावर उरलेल्या प्रत्येक चार चिंचोक्यांमागे एक नवा चिंचोका शिक्षकांनी टाकावा. विहीर रिकामी झाली की खेळ संपला. दहा फेऱ्यांत कोणाचे किती होतात, ते पाहावे.

सर्वांनी तीन-तीन घेतल्यास दुसऱ्याच फेरीत विहीर आटते. तिघांना सहा-सहा आणि चौथ्याला चारच मिळतात. दोन-दोन घेतल्यास ती तिसऱ्या फेरीत आटते. एकेक घेतल्यास विहीर प्रत्येक फेरीअखेर पुन्हा वीसवर येते व दहा फेऱ्यांत प्रत्येकाचे दहा होतात. मात्र हे आधी सांगू नये. मुलांना एकदा विहीर आटवू द्यावी.

चर्चा : २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही हकीकत त्यानंतर सांगावी. मग विचारावे, “कोणता नियम बदलाल?” मुले नवे नियम सुचवतील, विहिरीभोवती आपले गाव रेखाटतील. देगलूर तालुक्यातील शाळांनी होट्टलच्या मंदिरावरील शिल्पांचे नमुने त्या चित्रात जरूर घ्यावेत.

फळ्यावर तात्पर्य लिहू नये. चौथ्या मुलाच्या हातातील चार चिंचोके सर्वांनी पाहिलेले असतात. आणि पुढे मोबाइलवरील खेळ दिसला, तर तो काढून घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : “या खेळाचा नियम तुला काय करावयास लावतो?”