मुंबई–नागपूर : अंतराचे आणि वेळेचे गणित

राज्याची राजधानी आणि उपराजधानी यांमधील अंतर किती, असा प्रश्न वर्गात विचारला तर निरनिराळी उत्तरे येतात आणि त्यांतील बहुतेक आपापल्या परीने बरोबर असतात. नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर हे अंतर सुमारे ७०० किलोमीटर भरते. लोहमार्गाने मात्र ते ८३७ किलोमीटर होते; कारण गाडीला थळ घाट चढून इगतपुरी, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घ्यावा लागतो. ही वाट १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली. त्यापूर्वी बैलगाडीने हा प्रवास करणाऱ्यास कित्येक आठवडे लागत.

सूर्याच्या हिशेबानेही ही शहरे दूर आहेत. रेखांशांत सव्वासहा अंशांचा फरक असल्यामुळे नागपूरचा मध्यान्ह मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी होतो. भूगोलाच्या शिक्षकांना याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. पूर्वी रस्त्याने चौदा-पंधरा तास लागत, ते आता आठ तासांवर आले, असे सांगितले जाते. येथे थोडा विचार करावा. आमणे हे गाव भिवंडीजवळ आहे. मुंबई तेथून पुढे आहे, आणि तो शेवटचा तुकडा किती वेळ घेईल हे रहदारी ठरविते. शिवाय ७०१ किलोमीटर आठ तासांत, म्हणजे ताशी सरासरी ८८ किलोमीटर. सपाट भागात कमाल वेगमर्यादा ताशी १२० असल्याने मध्ये विश्रांती घेऊनही हे जमते. ती विश्रांती हिशेबातून वगळणे मात्र धोक्याचे आहे. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकास झापड येते. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसला रात्री झालेल्या अपघातात २५ प्रवासी मृत्युमुखी पडले.

अंतराचा प्रश्न विदर्भाला नवा नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासनाने वर्षातील ठराविक काळ नागपुरास यावे आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरवावे, असे ठरले, ते याच जाणिवेतून. लोकांनी शासनाकडे जाण्याऐवजी शासनाने लोकांकडे यावे, हा त्यातील हिशेब होता.

तरीही नागपूर म्हणजे विदर्भाचे टोक नव्हे. गडचिरोली तेथून सुमारे १७० किलोमीटर आणि सिरोंचा त्याहीपुढे सुमारे २०० किलोमीटर आहे. सिरोंच्याच्या एखाद्या सरपंचास मंत्रालयात काम निघाले, तर आठ तासांची मोजणी सुरू होण्यापूर्वीच त्याचा एक दिवस संपलेला असतो.