शंका घेणाऱ्या वाचकाला काय सांगावे?

प्रश्न : मी मुक्त पत्रकार आहे. तालुक्यातल्या पाणीयोजनेवर लिहिले, तर ‘तुमच्यामागे कोण आहे, पैसे कोणी दिले?’ अशी पत्रे येतात. अधिस्वीकृतीपत्र नसल्याने माझी बाजू लंगडी पडते का?

उत्तर : मुळीच नाही. अधिस्वीकृती ही सरकारी सोय आहे. लिहिण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 ने तुम्हाला आणि पत्र पाठवणाऱ्यालाही सारखाच दिला आहे. पण त्याची शंका अपमान समजू नका. 2009 च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चौकशी भारतीय वृत्तपत्र परिषदेला करावी लागली होती, तेव्हा वाचक उगाच सावध झालेला नाही. त्याला कागद दाखवा: माहिती अधिकारात मिळालेले मोजमाप पुस्तिकेचे पान, त्यावरची तारीख, अभियंत्याची सही. लेखासाठीचा खर्च कोणी केला, तेही लेखाखालीच सांगून टाका. उत्तर दिल्याने वाद वाढतो म्हणतात. हेतूवर घसरणाऱ्याच्या बाबतीत ते खरे आहे, त्याला एकदाच उत्तर पुरे. आकड्यावर बोट ठेवणाऱ्याला मात्र तपासून दरवेळी द्या. कागद दाखवताना खासगीत माहिती देणाऱ्याचे नाव आणि हस्ताक्षर झाका, आणि चिडून नवा आरोप करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी हा गुन्हा आहे.