नुसत्या कोंबड्या मिळतील का? (परसातल्या खुराड्यातून विज्ञानाचा एक पाठ)



ताम्हिणी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला पाऊस आणि धबधबे आठवतात. पण होळी झाली की इथलंही ऊन सोसवत नाही. दुपारी पत्र्याखाली आपल्याला बसवत नाही, तिथे पत्र्याच्या खुराड्यातल्या कोंबड्यांचे काय हाल होत असतील! आजचा पाठ या कोंबड्यांचाच आहे. तो पुस्तकातून निघाला नाही, एका आजीच्या फसवणुकीतून निघाला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात अंडं आलं आणि मुलांना त्याची गोडी लागली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. तेव्हा आमच्या पालकसभेत विषय निघाला, की घरीच चार कोंबड्या ठेवल्या तर? वर्गातल्या एका मुलीच्या आजीने लगेच मनावर घेतलं. वस्तीवर मोटरसायकलवर पिल्लं विकणारा आला होता. गुलाबी, हिरवी, पिवळी रंगवलेली पिल्लं. "सगळ्या अंड्यावरच्या माद्या आहेत, सहा महिन्यांत अंडी सुरू," असं सांगून त्याने वीस पिल्लं दिली. आजीने बचत गटातून उचललेले पैसे त्यात घातले. निम्मी पिल्लं पहिल्या पंधरवड्यात गेली. राहिली ती नऊ. रंग उडाला, पांढरी पिसं आली, तुरे लाल झाले आणि एका पहाटे नऊच्या नऊ आरवायला लागली!

आजी शाळेत आली. "गुरुजी, तुम्ही शिकलेली माणसं. मला सांगा, नुसत्या कोंबड्या मिळायला काय करायचं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मग आम्ही वर्गातच शोधायला बसलो.

१. कोंबडा नसला तर अंडी मिळतात का?

वर्गातली अर्धी मुलं 'नाही' म्हणाली. मोठ्या माणसांतही हा गैरसमज आहे. खरं उत्तर 'हो' असं आहे. कोंबडी वयात आली, खाणं आणि उजेड पुरेसा मिळाला, की कोंबडा असो वा नसो, ती अंडं घालतेच. दुकानातली पांढरी अंडी अशीच असतात. त्या फार्मवर कोंबडा नसतोच. कोंबडा लागतो तो अंड्यातून पिल्लू हवं असेल तर.

उलट आपल्या उन्हाळ्यात कोंबडा नसण्याचा एक फायदा आहे. फलित अंड्यात पिल्लाचा अगदी बारीक अंकुर असतो. अंडं थंड जागी असलं तर तो झोपलेला राहतो. पण साधारण २५ अंशांच्या पुढे तो हळूहळू वाढायला लागतो. मे महिन्यात घरात ३५ अंश असतात. मग चार दिवसांनी अंडं फोडलं की आत रक्ताची रेघ दिसते, अंडं लवकर नासतं. कोंबड्याशिवायच्या अंड्यात अंकुरच नसतो, म्हणून उन्हाळ्यात ते जास्त टिकतं. विकायचं असेल तर याला महत्त्व आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आज कोंबडा काढला म्हणजे उद्यापासून अंडी अफलित होत नाहीत. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं. तेवढं थांबावं लागतं.

२. नर की मादी, हे ठरवतं कोण?

नववीच्या विज्ञानात आनुवंशिकता येते, पण त्यात माणसाचं एक्स-वाय असतं. पक्ष्यांत हा कारभार उलटा आहे. कोंबड्याकडे दोन सारखी लिंग गुणसूत्रं असतात, झेड-झेड. कोंबडीकडे दोन वेगळी, झेड-डब्ल्यू. पिल्लाला कोंबडीकडून झेड मिळालं तर कोंबडा, डब्ल्यू मिळालं तर कोंबडी.

हे फळ्यावर सांगून डोक्यात बसत नाही, म्हणून आम्ही वाट्या घेतल्या. 'कोंबड्या'च्या वाटीत दोन चिंचोके. 'कोंबडी'च्या वाटीत एक चिंचोका आणि एक पांढरा खडा. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक उचलायचं. दोन चिंचोके आले तर कोंबडा, चिंचोका आणि खडा आला तर कोंबडी. वहीत नोंद करायची आणि उचललेलं परत वाटीत टाकायचं. दहा वेळा केलं तर कधी सात-तीन येतं, कधी चार-सहा. पण साऱ्या वर्गाची बेरीज केली की आकडे निम्म्याजवळ येतात. मोठ्या मुलांना पुढचं गणित द्या. सहा पिल्लं काढली तर सहाच्या सहा माद्या निघण्याची शक्यता किती? अर्धा गुणिले अर्धा असं सहा वेळा, म्हणजे ६४ मध्ये एक.

या टप्प्यावर एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे कोंबडीमुळे ठरतं. मग माणसांत पण आईमुळेच का?" हा प्रश्न आला नाही तर शिक्षकांनी स्वतःहून काढावा. माणसात आईकडून एक्सच मिळतं, एक्स की वाय हे वडिलांकडून येतं. आणि यात कोणाचा गुण नाही की दोष नाही, डोळे मिटून उचललेला चिंचोका आहे तो. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरापर्यंत एवढं पोचलं तरी पाठ वसूल झाला.

३. अंड्यावरून किंवा पिल्लावरून ओळखता येतं का?

गावात सांगतात, टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून कोंबडी. आम्ही आजीच्या गावठी कोंबडीखाली शेजारची बारा अंडी ठेवली. त्यांवर पेन्सिलीने 'टो' आणि 'गो' लिहिलं. २१ दिवसांनी नऊ फुटली. ज्या अंड्यातून जे पिल्लू निघालं त्याच्या पायात त्याच खुणेचा दोरा बांधला, आणि पिल्लं वाढतील तसा तो सैल केला. शेवटी दोन्ही खुणांत कोंबडेही निघाले आणि कोंबड्याही. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत घडतो, आतल्या पिल्लाशी त्याचा संबंध नाही. सातव्या दिवशी अंडं बॅटरीपुढे धरलं तर आत जीव आहे की नाही हे कळतं, नर-मादी कळत नाही.

उबवण्याच्या उष्णतेने फरक पडतो का? कासवांत पडतो. आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात. कोंबडीत मात्र अंडं घालण्याआधीच निकाल लागलेला असतो. खुराडं तापवून माद्या वाढत नाहीत, फक्त पिल्लं मरतात.

मग मोठ्या उबवणी केंद्रात कसं ओळखतात? तीन पद्धती आहेत.

पहिली, एक दिवसाच्या पिल्लाचं मागचं अंग दाबून पाहणे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी जपानी शास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली. त्याला खूप सराव लागतो, घरी करू नये, पिल्लू दगावतं.

दुसरी, पंखाची पिसं. काही खास संकरांत मादीची पिसं लवकर वाढतात. गावठी पिल्लांत हा नियम चालत नाही.

तिसरी, रंग. ही वर्गात शिकवायला सगळ्यात छान. सोनेरी जातीचा कोंबडा आणि रुपेरी जातीची कोंबडी घ्यायची. वाटीतल्या खेळात कोंबडीच्या चिंचोक्यावर चुन्याचा ठिपका द्या, तो रुपेरी गुण. हा गुण सोनेरीवर मात करतो. आता उचलून बघा. प्रत्येक मुलग्याला आईचा ठिपक्याचा चिंचोका मिळतो, म्हणून तो रुपेरी. प्रत्येक मुलीला आईचा खडा आणि बापाचा साधा चिंचोका मिळतो, म्हणून ती सोनेरी. पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच रंगावरून कळतं! आपण फळ्यावर ज्याच्या नावाचा चौकोन काढतो, त्याच पनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ही युक्ती सुचवली. कोंबड्यांवर खर्च होणारं खाद्य वाचवणं हा हेतू होता.

४. मग ती रंगीत पिल्लं कुठली?

आता आजीच्या पिल्लांचं कोडं सुटतं. अंड्यांच्या फार्मला फक्त माद्या लागतात. पण उबवणीत निम्मे नर निघतातच. या जातीचे नर अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखे मांसही धरत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी ते वेगळे काढतात. जगभर असे नर मारून टाकले जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर कायद्याने बंदी घातली. आता तिथे अंड्यातच नर-मादी तपासणारी यंत्रं वापरतात. (हे शिकवताना मुलांना जरूर सांगा, की माणसात गर्भलिंग तपासणी हा आपल्याकडे गुन्हा आहे. त्याचा कायदा १९९४ चा आहे.) आपल्याकडे यातले बरेच नर स्वस्तात विकले जातात, आणि रंग लावून बाजारात, वस्तीवर येतात. मादी पिल्लाला चांगला भाव असताना ती कोणी रंगवून चार पैशांना कशाला विकेल? एवढा एक प्रश्न आजीने विचारला असता तर पैसे वाचले असते. पण तो विचारायला कोणी शिकवलंच नव्हतं.

५. पालकांनी काय करावं?

खात्रीचा मार्ग म्हणजे तलंगा घेणे. तलंग म्हणजे वयात येण्याआधीची कोंबडी. आठ-दहा आठवड्यांत नर-मादी नजरेला कळायला लागतात. नराचा तुरा मोठा आणि लाल होतो, पाय जाड दिसतात. पुढे बाराव्या आठवड्याच्या सुमारास नराच्या मानेवर आणि पाठीवर निमुळती, चकचकीत पिसं येतात. मादीची पिसं टोकाला गोल राहतात. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतही याच वयाच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट असतो. नर दिले आहेत ते पिल्लं काढण्यासाठी. फक्त अंडीच हवी असतील तर त्यांची गरज नाही.

तलंगा पिल्लांपेक्षा महाग पडतात हे खरं. पण नाजूक वय उलटलेलं असतं आणि लसीही झालेल्या असतात. कोणत्या लसी झाल्या ते विचारून लिहून घ्या. मानमोडीची लस चुकवू नका.

दुसरा मार्ग आजीने शेवटी धरला तो. खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीखाली फलित अंडी ठेवायची, निम्मे कोंबडे निघणार हे आधीच धरून चालायचं. आमच्या नऊ पिल्लांत पाच कोंबडे, चार कोंबड्या होत्या. कोंबडे आजीने सांभाळले आणि आखाडात विकले. गावठी कोंबड्याला तेव्हा भाव असतो. गटाचे पैसे फिटले आणि चार कोंबड्या घरात राहिल्या.

जात कोणती घ्यावी? गावठी कोंबडी अंडी कमी देते, वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास, पण स्वतः चरते, पिल्लं सांभाळते, घार दिसली की लपते. ग्रामप्रिया, वनराज, गिरिराज या परसासाठी काढलेल्या जाती जास्त अंडी देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. उन्हाळ्यासाठी उघड्या मानेची कोंबडीही चांगली. तिच्या मानेला पिसं नसतात, अंगातली उष्णता तिथून निघून जाते.

६. उन्हाळ्यातली काळजी

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. त्याने अंगातला कर्बवायू जास्त बाहेर पडतो आणि अंड्याचं कवच पातळ होतं. म्हणून:

- खुराड्यावर भाताचा पेंढा टाका, उन्हाच्या बाजूला सावली करा, वारा मात्र अडवू नका.
- पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवा आणि दुपारी एकदा बदला.
- दाणे सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्या, भर दुपारी नको.
- शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा.
- अंडी दिवसातून दोनदा गोळा करून माठाशेजारी ठेवा.

कोंबडा नसला की घार-मुंगसाची वर्दी देणारा कोणी नसतो, म्हणून संध्याकाळी दार लावायला विसरू नका. आणि बिनकोंबड्याच्या कळपात एखादी कोंबडी कधी आरवली तर घाबरू नका, तो अपशकुन नाही. तिचं अंडाशय बिघडलं की असं क्वचित होतं.

वर्गासाठी प्रश्न

१. आठ कोंबड्या हव्या असतील तर साधारण किती अंडी उबवायला ठेवाल? सगळी फुटत नाहीत हे धरून सांगा.
२. रुपेरी कोंबडा आणि सोनेरी कोंबडी घेतली तर रंगावरून नर-मादी ओळखता येईल का? वाट्या घेऊन करून बघा.
३. पिल्लं विकणाऱ्याला कोणते तीन प्रश्न विचाराल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांना घरी मोठ्यांसमोर वाचून दाखवायला सांगा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसं कोंबडं नको म्हटलं म्हणून निम्म्या अंड्यांतून ते निघायचं राहत नाही. ते निम्मे कुठे जातात, हे विचारायला शिकलेलं मूल पुढे सहजासहजी फसणार नाही.