जुना पाळणा, नवा रंग

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मला नाही, मराठी विभागाच्या संपादकांना धरा.

मागच्या हिवाळ्यात आम्ही होस्टेलच्या पाच-सहा मुली एका जत्रेला गेलो होतो. बहिरमसारखी महिनाभर चालणारी मोठी जत्रा नाही, लहानशीच. पण आकाशपाळणा झकास! छोटा भीमची चित्रं, एलईडीच्या माळा, चकचकीत निळा रंग. दोन चकरा मारल्या, खूप ओरडलो. उतरताना माझी नजर दांड्याच्या वेल्डिंगकडे गेली. निळ्या रंगातून गंजाची तांबूस रेघ डोकावत होती.

पाळणेवाल्या काकांना विचारलं, "काका, हा नवीन घेतला का?"

"नाई व बाई, वीस सालाचा आहे. पण दरसाली रंग देतो न, नवाच समज."

त्या रात्री मी मेसमध्ये नीट जेवले नाही. कारण फटिगचा चॅप्टर नुकताच झाला होता.

हिशोब सोपा आहे. पाळणा मिनिटाला 4 फेऱ्या घेतो आणि दिवसाला 6 तास चालतो असं धरा. म्हणजे 1440 फेऱ्या. वर्षाचे 200 दिवस धरले तर 2,88,000. दहा वर्षांत जवळपास 29 लाख. प्रत्येक फेरीत दांड्यावर वर असताना दाब, खाली असताना ताण. ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनीअरने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या अॅक्सलवर प्रयोग करून हेच दाखवलं, की एका झटक्यात न तुटणारं लोखंड लाखो लहान झटक्यांनी तुटतं. पुस्तकात साध्या स्टीलचा वक्र 10 लाख ते 1 कोटी फेऱ्यांच्या दरम्यान सपाट होतो, त्याखालचा ताण सुरक्षित मानतात. पण तो आलेख गुळगुळीत, पॉलिश केलेल्या नमुन्याचा. वेल्डिंगचा जोड आणि वरून गंज, तिथे ही सुरक्षित रेषा विसरायची. 14 जुलै 2019 ला अहमदाबादच्या कांकरियात मोठा झोका दांडा तुटून कोसळला, दोघांचा जीव गेला.

मग जुनी राइड फेकूनच द्यायची का? तसंही नाही. अमेरिकेतल्या डिस्नेची स्प्लॅश माउंटन बघा. पाण्यातून होडी फिरते आणि शेवटी साधारण 15 मीटर खाली येते. 1989 साली कॅलिफोर्नियात सुरू झाली तेव्हा तिच्यातले बरेच हलते प्राणी आदल्याच वर्षी बंद पडलेल्या अमेरिका सिंग्ज नावाच्या खेळातून आणलेले होते. (जुगाड फक्त आपणच करतो असं नाही!) तिची गोष्ट 1946 च्या एका सिनेमातली होती. त्यातलं काळ्या लोकांचं चित्रण लोकांना खटकत होतं, म्हणून 2020 मध्ये गोष्टच बदलायची ठरली. फ्लोरिडातली राइड जानेवारी 2023 मध्ये बंद झाली आणि 28 जून 2024 ला टियानाज बायू अॅडव्हेंचर म्हणून उघडली. पाण्याचा मार्ग तोच, उतार तोच. पात्रं, गाणी, देखावे नवे. मला यातले 17 महिने महत्त्वाचे वाटतात. तिथे गोष्ट बदलायला राइड इतका काळ थांबली. आपल्याकडे पाळणा एका जत्रेतून उतरला की ट्रकमध्ये, आणि थेट दुसऱ्या जत्रेत. रंग तेवढा वाटेत बसतो.

गोष्ट मात्र आपली हवी, हे मला पटलं. 1989 ला सुरू झालेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये मुख्य आकर्षण मशीनचंच होतं. 2013 साली खोपोलीला इमॅजिका आलं तिथे मिस्टर इंडिया आहे, आणि पाण्याच्या राइडमध्ये राजासॉरस, नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला आपला डायनासोर. मग वऱ्हाडात काय कमी आहे? भीमाने किचकाला जिथे दरीत फेकलं म्हणतात ते चिखलदरा आपल्याच जिल्ह्यात. त्याच्यावर ड्रॉप टॉवर! सिव्हिलवाल्यांनी पाया बघावा, आम्ही मेकॅनिकलवाले ब्रेक बघतो.

पण जुन्या सांगाड्यावर किचक बसवायचा असेल तर आधी जोड तपासा. डाय पेनिट्रन्ट टेस्ट आपल्या लॅबमध्येच होते: लाल डाय लावा, थांबा, पुसा, वरून पांढरं डेव्हलपर मारा, भेग असली तर लाल रेघ उमटते. अट एकच, आधी रंग पूर्ण काढावा लागतो. रंगाने भेगेचं तोंड बुजलं असेल तर डाय आत शिरतच नाही. दरसाली दिलेला तो निळा रंग भेग लपवतोही आणि तपासूही देत नाही.

पुढच्या जत्रेला डायचे कॅन नेऊ का, असं मी लॅबमधल्या काकांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं, मग चष्मा वर करून म्हणाले, "कॅन ने व पोरी, पण रंग खरवडू देईन का तो तुले?"